मामा, एसी लावा: बेन्झिनच्या मेसेजला उत्तर

होळी झाली की आमच्या अकोल्यात ऊन चढायला लागतं आणि त्याच सुमाराला व्हॉट्सॲपवर तो मेसेजही पुन्हा हिंडायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक घरचाच. इंग्रजीत तो २००९ पासून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीत बसल्याबसल्या एसी लावू नका. डॅशबोर्ड, सीट आणि एअर फ्रेशनरमधून बेन्झिन नावाचं कॅन्सर करणारं रसायन हवेत सुटतं. बंद जागेत बेन्झिनची मान्य पातळी चौरस फुटाला ५० मिलिग्रॅम. काचा लावून सावलीत उभ्या केलेल्या गाडीत ती ४०० ते ८०० होते आणि ६० अंश फॅरेनहाइटच्या वर उन्हात २००० ते ४०००, म्हणजे ४० पट. हे विष शरीराला बाहेर टाकता येत नाही. त्यातून रक्तक्षय, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, गर्भपात. म्हणून आधी काचा उघडा. आणि हा मेसेज सगळ्यांना पाठवा.

आधी काचा उघडा हा सल्ला बरोबर आहे. मग एवढं चिडायचं काय, असं मला घरातच विचारलं गेलं. चिडायचं कारण असं की चुकीच्या कारणासाठी पाळलेला बरोबर सल्ला माणूस भलत्या ठिकाणीही पाळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मागच्या जुलैत आम्ही चिखलदऱ्याला निघालो होतो. मामा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे मामी आणि दोन पोरं. मामांनी मार्चपासून, म्हणजे तो मेसेज वाचल्यापासून, एसीला हात लावणं सोडलं होतं. परतवाडा मागे पडलं, घाट लागला आणि पाऊस कोसळायला लागला. काचा वर. एसी बंद. शहरातल्या धुळीसाठी दाबलेलं रिसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवण्याचं, बटण तसंच दाबलेलं. पाच माणसांचे श्वास, ओले कपडे, एक ओली छत्री. दोन वळणं झाली असतील नसतील, समोरची काच आतून पांढरी झाली. मामा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने रुमालाने काच पुसत होते. पुसलं की चार सेकंद दिसायचं, मग पुन्हा पांढरं. वरून एसटी उतरत होती, तिचे दिवे म्हणजे काचेवर फासलेले दोन पिवळे डाग.

मी म्हटलं, "मामा, एसी लावा." ते म्हणाले, "अरे, ते विष असतं." शेवटी मीच एसीचं बटण दाबलं, रिसर्क्युलेशन काढलं, हवेचा नॉब समोरच्या काचेच्या चित्रावर फिरवला आणि पंखा वाढवला. काच खालून निवळायला लागली. आधी वीतभर पट्टा, मग अर्धी, मिनिटाभरात पूर्ण. एसटी तोवर शेजारून निघून गेली होती.

म्हणून आता त्या मेसेजचा एकेक मुद्दा घेतो.

"मान्य पातळी चौरस फुटाला ५० मिलिग्रॅम." मेसेजचा खोटेपणा इथेच उघडा पडतो. हवेतलं प्रदूषण चौरस फुटात मोजत नाहीत. चौरस फूट हे फरशीचं, प्लॉटचं माप. हवा घनमीटरमध्ये मोजतात. बरं, लिहिणाऱ्याची चूक समजून घनमीटर धरू. आपल्या देशाच्या २००९ च्या हवा गुणवत्ता मानकांत बेन्झिनची वर्षभराची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). ५० मिलिग्रॅम म्हणजे तिच्या दहा हजार पट. अमेरिकेत कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांची मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग), म्हणजे घनमीटरला साधारण ३.२ मिलिग्रॅम. मेसेज ज्याला सुरक्षित म्हणतो ते याच्याही पंधरा पट. बेन्झिनची भीती घालायला निघालेला मेसेज बेन्झिनची भयंकर मात्रा चालेल म्हणून सांगतो, याचा अर्थ लिहिणाऱ्याने एकही मानक उघडून पाहिलेलं नाही. आणि ४००० भागिले ५० म्हणजे ८०, ४० नव्हे.

"६० अंश फॅरेनहाइटच्या वर." म्हणजे साडेपंधरा अंश सेल्सियस. अकोल्यात हे डिसेंबरातल्या पहाटेचं तापमान, शेकोटीला बसायचं. उन्हाळ्याच्या नावाने पाठवलेल्या मेसेजात हा आकडा तसाच राहिला, कारण पुढे पाठवणाऱ्या कुणीही तो सेल्सियसमध्ये करून पाहिला नाही.

"डॅशबोर्डमधून बेन्झिन निघतं." तापलेल्या प्लास्टिकमधून, गोंदातून, फोममधून वाफा निघतात हे खरं. नव्या गाडीचा वास म्हणजे त्याच वाफा. पण त्या किती आणि कसल्या, हे लोकांनी मोजलं आहे. २००७ साली म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी एक नवी आणि एक तीन वर्षं जुनी गाडी दिव्यांखाली ६५ अंशांपर्यंत तापवली आणि आतली हवा गोळा करून तपासली. नव्या गाडीत सगळ्या वाफा मिळून घनमीटरला ११ मिलिग्रॅमच्या आत, जुनीत जेमतेम सव्वा. सगळ्या मिळून. मेसेज तर एकट्या बेन्झिनचे ४००० सांगतो. ती हवा पेशींवर तपासल्यावर विषारी परिणाम दिसला नाही. नव्या गाडीच्या हवेने ॲलर्जीची प्रतिक्रिया थोडी वाढली, एवढंच.

उलट बाजूही सांगायला हवी. चीनमध्ये उन्हात ठेवलेल्या एका नव्या गाडीवर केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात फॉर्मल्डिहाइड हे दुसरं घातक रसायन तिथल्या सरकारी मर्यादेच्या वर गेलेलं आढळलं. तेव्हा कोरी गाडी घेतली असेल तर पहिले काही महिने बसण्याआधी दारं उघडून हवा खेळू द्या. हे मी स्वतः करतो. पण तो प्रश्न नव्या गाडीचा आणि वेगळ्या रसायनाचा आहे. शिवाय त्यात एसीचा दोष कुठेच नाही. एसी बेन्झिन तयार करत नाही. तो हवा थंड करतो, आणि प्लास्टिक जितकं थंड तितक्या त्याच्या वाफा कमी.

"बेन्झिनने कॅन्सर होतो." होतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था त्याला पहिल्या गटात ठेवते, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेला गट. ल्युकेमियाशी त्याचा संबंध पक्का आहे. यावर माझा वाद नाही. पण गाडीत ते येतं कुठून? मुख्यतः पेट्रोलमधून. आपल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेन्झिन चालतं. समोरच्या गाडीचा धूर, पंपावर भरताना उडणारी वाफ आणि गाडीत बसून ओढलेली सिगारेट, ही खरी ठिकाणं. मग सिग्नलला ट्रकच्या मागे उभे असताना काय करायचं? काचा लावून रिसर्क्युलेशन दाबायचं, म्हणजे बाहेरचा धूर कमी आत येतो. मेसेज पाळणारा माणूस नेमका तिथे काच खाली करून बसतो.

"शरीराला ते बाहेर टाकता येत नाही." साफ चूक. श्वासातून घेतलेल्या बेन्झिनचा काही भाग श्वासातूनच परत जातो, उरलेल्याचं यकृतात रूपांतर होतं आणि त्यातलं बहुतेक दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. धोका वर्षानुवर्षं रोज हुंगणाऱ्याला असतो: कारखान्यात, पंपावर, रंगकामात. त्या लोकांसाठी जरूर आवाज उठवावा.

"गर्भपात होतो." ही ओळ वाचून आमच्या चुलतबहिणीने सातव्या महिन्यात मे महिन्याच्या दुपारी एसी न लावता दवाखान्यापर्यंतचा प्रवास केला. बाहेर ४४ अंश. गरोदर बाईला उष्णतेचा आणि पाणी कमी पडण्याचा त्रास होतो हे कुठलाही डॉक्टर सांगेल. एका खोट्या भीतीपायी तिने खरा त्रास ओढवून घेतला, आणि तो मेसेज तिला पाठवणारे आम्हीच घरचे.

मग तापलेल्या गाडीत बसताना काचा का उघडायच्या? उष्णतेसाठी. बाहेर ४४ असतील तर आत ६० च्या पुढे गेलेले असतात. ती ६० अंशांची हवा थंड करत बसण्यापेक्षा आधी बाहेर काढून ४४ ची घेणं सोपं. पलीकडची एक काच खाली करा आणि अलीकडचं दार चार-पाच वेळा उघडबंद करा, गरम झोत बाहेर पडलेला हाताला कळतो. गाडी चालू करा, एसी लावा, चारी काचा खाली ठेवूनच एखादं मिनिट चालवा. मग काचा वर आणि रिसर्क्युलेशन चालू, कारण आता आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार आहे. एसी पहिल्या मिनिटापासून लावला तरी काही बिघडत नाही.

हे रिसर्क्युलेशनचं बटण म्हणजे गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण. तो दिवा लागला की आतलीच हवा फिरते, विझला की बाहेरची येते. अर्ध्या लोकांना त्याचा उपयोग माहीत नसतो, एकदा दाबलेलं वर्षभर दाबलेलं. हायवेवर चार माणसं आणि रिसर्क्युलेशन चालू असेल तर अर्ध्या तासात आतला कार्बन डायऑक्साइड काही हजार पीपीएमवर जातो. बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. डोकं जड होतं, झापड येते. जेवणावर खापर फोडतो आपण. दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरची हवा घ्या.

आणि पावसात काच धुरकटली तर आधी वायपर फिरवा. वायपरने निघालं तर वाफ बाहेरच्या बाजूला आहे: एसीने काच जास्त गार झाली आहे, तापमान वाढवा, झोत काचेवरून काढा. नाही निघालं तर वाफ आतून आहे: एसी चालू, रिसर्क्युलेशन बंद, झोत काचेवर, तापमान थोडं लाल बाजूला. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. गाडीखाली जे पाणी ठिबकताना दिसतं ते हेच. गरम हवा हवी असली तरी एसी चालू ठेवायचा, ही गोष्ट मामांना पटायला घाट उतरेपर्यंत वेळ लागला.

एसीचं खरं विष वेगळं आहे आणि त्याचा मेसेजात उल्लेखही नाही. इंजिन चालू ठेवून, एसी लावून, उभ्या गाडीत झोपणं. विशेषतः बंद गॅरेजमध्ये किंवा धूर कोंडेल अशा जागी. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. माणूस झोपेतून उठतच नाही. लग्नाच्या गावी हॉलबाहेर गाडीत पडणाऱ्या ड्रायव्हरला हे कुणीतरी सांगायला हवं.

एअर फ्रेशनरबद्दलही मेसेज भलत्याच गोष्टीची भीती घालतो. डबीतल्या जेलपेक्षा डॅशबोर्डवर ठेवलेल्या डिओच्या कॅनची काळजी करा. त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर ठेवू नका. लायटर आणि पॉवर बँक, तेच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. बंद गाडीत राहिलेलं मूल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवून फरक पडला नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. "पाच मिनिटांत येतो, काच थोडी खाली आहे" हे वाक्य म्हणूनच जीवघेणं आहे. एसी चालू ठेवून जाणंही नको: मूल पुढे येऊन गिअरला हात लावतं, काचेच्या बटणावर पाय देतं, इंजिन बंद पडतं. अंगणात उभी गाडीसुद्धा लॉक करून किल्ली वर ठेवा. पोरं लपाछपी खेळताना आत शिरतात, आणि मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर त्यांना ते आतून उघडता येत नाही.

कुणाचं मूल आत अडकलेलं दिसलं तर मालकाची वाट पाहत बसू नका. ११२ ला फोन करा. मूल मलूल दिसत असेल तर त्याच्यापासून लांबची बाजूची काच निवडा आणि मधोमध नको, कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा. समोरच्या काचेच्या नादी लागू नका, ती दोन थरांची असते आणि तडकली तरी जागेवरच राहते. मूल बाहेर काढलं की सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसत राहा आणि वारा घाला. गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.