काही करत नाही तो!

सगळ्यात आधी कुत्र्याचा पट्टा काढा. पट्टा घरून आणायचा नक्की, चांगला चामड्याचा, पितळी कडीचा. पण गाडीतून उतरलं की डिक्कीत टाकायचा. पट्टा सोसायटीच्या लिफ्टमध्ये शोभतो. इथं सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंना तूर फुललेली असताना, पांदणीतून ब्रूनोला बांधून नेणं म्हणजे निव्वळ क्रौर्य. आठवडाभर बिचारा नवव्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली बघत बसलेला असतो. त्याला मोकळं धावायचं आहे आणि जागा आमच्याकडे आहे. समोरून येणारी माणसं आहेत खरी, पण ती सरकतील.

आमच्यासाठी ती शेतात जायची वाट, टेकडीवरच्या महादेवाची वाट आणि पोट्ट्यांची शाळेची वाट. तुमच्यासाठी तो ट्रेक. ट्रेक म्हटलं की वाटेवरची माणसं निसर्गात जमा होतात, हे आम्हालाही आता कळून चुकलं आहे.

मग मंत्र पाठ करा. चारच शब्द आहेत: ‘काही करत नाही तो!’ पण म्हणायची वेळ चुकवू नका. ब्रूनोचे पुढचे दोन पाय समोरच्याच्या छातीवर टेकले की मग, साठ-सत्तर पावलं मागून, सावकाश म्हणायचं. आधी म्हटलं तर समोरच्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो. धोतर फाटलं तर ‘खेळतोय हो’ म्हणा. दात लागले तर ‘नुसता ओरखडा आहे’. रक्त आलंच तर ‘आजवर त्यानं असं कधीच केलं नाही’. हे शेवटचं वाक्य मी एकाच कुत्र्याबद्दल दोनदा ऐकलं आहे.

आणि दोष समोरच्याचाच, हे विसरू नका. दप्तर पाठीला लावून येणारं पोट्टं पळालं, तर ‘पळालास म्हणून मागे लागला’. ते जागीच थिजून उभं राहिलं, तर ‘घाबरलास म्हणून भुंकला, कुत्र्याला भीतीचा वास येतो’. त्यानं खाली वाकून दगड उचलला, तर मात्र आवाज चढवा. मुक्या जिवावर दगड उगारणारी पिढी कुठं चालली आहे, यावर दोन मिनिटं तिथंच बोला. तेवढ्यात शाळेची घंटा होईल, ती होऊ द्या.

मागच्या वेचणीच्या दिवसांतली गोष्ट सांगतो, म्हणजे पद्धत नीट ध्यानात येईल. आमच्या गावची एक बुढी शेवटच्या तासात, म्हणजे ओळीत, कापूस वेचत होती, कमरेला ओटी बांधून. तिची शिदोरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली, फडक्यात बांधलेली: ज्वारीच्या दोन भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, एक कांदा. पांदणीतून एक जर्मन शेफर्ड आला. त्यानं आधी फडक्याचा वास घेतला, मग पंजानं गाठ दाबून धरून दातानं फडकं ओढलं आणि एक भाकर दोन घासांत गिळली. मागून साहेब आले. त्यांना काय आनंद झाला! ‘अहो, घरी हा भाताला तोंड लावत नाही. बघा, गावाकडचं अन्न कसं खातोय!’ त्यांनी मोबाईल काढला. बुढी ओटी सांभाळत तासातून येईपर्यंत दुसरी भाकर ठेच्यासकट गेली.

पुढं जे व्हायचं तेच झालं. ब्रूनो थांबला, शिंकला, नाक मातीत घासू लागला, आणि साहेबांकडे असा पाहू लागला की जणू त्यांनीच त्याला फसवलं. त्या सकाळी साहेब पहिल्यांदाच धावले. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्याला पाजलं. मग बुढीकडे वळून विचारलं, ‘यात कांदा होता का?’

‘व्हता ना.’

‘मावशी, कांदा कुत्र्याला विष असतो! रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्यानं!’

हे खरं आहे बरं का. कांदा-लसूण कुत्र्याच्या पोटात गेले तर खरोखरच असं होऊ शकतं. साहेबांचा अभ्यास पक्का होता. बुढीनं रिकामं फडकं झटकलं, घडी केली, कमरेला खोचलं आणि म्हणाली, ‘मंग काहून खाल्ला थ्यानं?’

साहेब धुऱ्यावर चढून रेंज शोधत डॉक्टरांना फोन लावत होते. जाताना त्यांनी तिला बिस्किटाचा पुडा दिला. माणसांचाच होता, मी वाचून पाहिलं. दुपारी आम्ही बाकीच्यांनी चतकोर चतकोर भाकर तिच्यापुढं सरकवली. पण ते व्हिडिओत नाही, तेव्हा त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

शेळ्यांचा कळप दिसला तर ब्रूनोला अजिबात आवरू नका. ही जात १८९९ पासून जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतूनच घडवली आहे, त्याच्या रक्तातच ते आहे, असं शेळ्यांच्या मालकाला समजावून सांगा. त्याची गाभण शेळी धावपळीत पडून गाभ टाकेल, तेव्हा हा इतिहास त्याच्या फार उपयोगी पडेल.

आता गावठी कुत्र्यांचं. आमची कुत्रीही मोकळीच असतात, हे कबूल. त्यांना कुणी पट्टा घातलेला नाही, आणि आम्ही त्याबाबतीत साधू आहोत असं नाही. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्यानं आमच्या गावाच्या फाट्यावर दोन्ही पाय टाकीवर घ्यायचे, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण गंमत पाहा. ब्रूनो गावाच्या शिवेवर आला, समोरून आमची पाच-सहा गावठी शेपट्या ताठ करून आली, की साहेबांचा मंत्र एकदम बदलतो. ‘अहो, कुणाची आहेत ही? आवरा ना! काय हा बेजबाबदारपणा!’ अशा वेळी ओट्यावरचा एखादा आबा तंबाखू मळत सांगतो, ‘काई करत नाई थे. खेळून राह्यले.’ त्यावर रागावू नका. आबा तुमच्याकडूनच शिकले आहेत.

समजा, चावलाच. तरी बिचकू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची असते. पांदणीत नळ नसतो, हा काही तुमचा दोष नाही. चावा घेतलेला माणूस आरोग्य केंद्रात जाईल. रेबीजची पहिली सुई त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडाच्या स्नायूत द्यायची पद्धत असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक. जखम खोल असेल तर जखमेत सिरमही द्यावं लागतं, आणि ते जवळ मिळालं नाही तर पुढं तालुक्याला, नाहीतर जिल्ह्याला जा. एवढ्या रोज्या बुडाल्या तर बुडाल्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात अजून पोटातल्या चौदा सुया आहेत. त्यांना सांगा, बापहो, जमाना बदलला, आता चार-पाचच. त्यांना किती बरं वाटेल!

फक्त एक खबरदारी घ्या: नाव-पत्ता देऊ नका. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. तो दहा दिवस ठणठणीत राहिला, तर माणसाच्या पुढच्या सुया वाचू शकतात. पण ब्रूनो रविवारी संध्याकाळीच महामार्गाला लागलेला असतो, खिडकीतून तोंड बाहेर काढून. त्याला रेबीजची लस दिलेली आहे, कार्डही आहे, ते घरी फ्रिजवर चुंबकानं लावलेलं आहे. पांदणीतल्या माणसानं विश्वास ठेवावा. आणि कुणी गावात शिकलेलं पोट्टं भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ काढून दाखवू लागलं, म्हणजे पाळीव जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर त्याला म्हणा, ‘अरे, तू तर वकील होणार!’ कौतुकानं पोट्टी विरघळतात.

पायथ्याला कंटाळलात तर वर चिखलदऱ्याला चला. १८०३ च्या डिसेंबरात तिथला गाविलगड किल्ला घ्यायला इंग्रजांना डोंगरातून तोफा ओढून आणाव्या लागल्या होत्या. ब्रूनो एका उडीत आत शिरेल. भोवतालचं रान मेळघाटाचं. देशात १९७३ मध्ये पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला हा एक. म्हणून वनरक्षकानं हटकलं तर त्याच्याशी वाद घाला. कुत्र्यांचा डिस्टेंपर नावाचा रोग रानातल्या मांसभक्षकांना लागतो, २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले त्यात त्याचाही हात होता, असं काहीतरी तो सांगेल. तुम्ही म्हणा, इथं सिंह कुठं आहेत? रानकुत्री आहेत, बिबटे आहेत, हे तो सांगेपर्यंत पुढं निघून जा. बिबट्याला कुत्रं आवडतं, हेही तो सांगेल. तुम्हालाही आवडतंच की. तेवढीच ओळख निघाली.

अस्वल मात्र वेगळं. त्याची नजर अधू आणि स्वभाव तिरसट. ब्रूनो झुडपात शिरून त्याच्यावर भुंकेल, अस्वल उठेल, आणि मग इमानी कुत्रं जे करतं तेच ब्रूनो करेल: धावत आपल्या मालकाकडे येईल, पाठोपाठ पाहुण्याला घेऊन. त्या वेळी मंत्र म्हणून पाहा. मागून म्हणायची गरज नाही, या खेपेला तुम्ही पुढंच असाल.

हो, ती बुढी. साहेब पंधरवड्यानं पुन्हा आले. त्याच पांदणीत ती समोरून येत होती, डोक्यावर गवताचा भारा आणि हातात तेल पाजलेली बांबूची काठी, चांगली खांद्याएवढी. ब्रूनो वीस पावलांवरच थांबला. साहेब पहिल्यांदाच त्याच्या पुढं आले आणि जरा दुखावल्यासारखे म्हणाले, ‘मावशी, काठी कशाला हो?’

बुढी थांबली नाही. भारा एका हातानं सावरत, जाता जाता म्हणाली, ‘भेऊ नको बाप्पा. काई करत नाई थे.’