विधवा बायकांना न विचारता ठराव कसला?

'रीत आहे' म्हणून नियम माथी मारायचे दिवस गेले, असं माझं ठाम मत आहे. रीत ज्याच्यावर पडते त्याच्या तोंडावर तिचं कारण सांगता आलं पाहिजे, आणि ते त्याला पटलंही पाहिजे.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आपल्याला काही लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पुढं महाराष्ट्र सरकारनंही इतर गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं.

कर्नाटकातल्या आमच्या निपाणी भागात एका वॉर्ड सभेत हाच विषय निघाला. पुढं बसलेली मंडळी 'मंजूर, मंजूर' म्हणून उठायच्या बेतात होती. तेवढ्यात मागं भिंतीला टेकलेल्या एक काकू बोलल्या, "संक्रांतीला तिळगूळ मीच वळतो, वाण मीच भरून ठेवतो. बायका आल्या की मला आत जा म्हणतात. का, ते कुणीतरी सांगा की." कुणी म्हणालं देवाधर्माचं आहे, कुणी म्हणालं आपल्यात नसतं तसं. काकूंनी परत विचारलं, "होय, पण का?" एकालाही सांगता येईना.

मग एक आजी उठल्या. "मी कुंकू लावणार नाही. माझा माणूस गेला, मला नको वाटतंय. आता लावच म्हणून मागं लागणार काय?" हे पुढच्यांपैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मसुदा तिथंच बदलला: पुसायची सक्ती नाही, लावायचीही नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र प्रत्येकीला. आजी गप्प बसल्या असत्या तर एक जुलूम काढून आपण दुसरा घातला असता, तोही चांगल्या मनानं.

युर्गन हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञांनी हेच मांडलंय. नियमाची झळ ज्यांना बसते त्या सगळ्यांना खुल्या चर्चेत जो मान्य होऊ शकेल, तोच खरा नियम. तिथं पद, पैसा, धाक चालत नाही, चालतो फक्त जास्त पटणारा मुद्दा. आपल्याकडं तर बाराव्या शतकातल्या अनुभव मंटपाची, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शरणांच्या चर्चासभेची, परंपरा सांगतात, जिथं अल्लमप्रभूंच्या अवघड प्रश्नांना अक्कमहादेवींनी भर सभेत उत्तरं दिली.

'गावात बायका कुठं बोलतात?' हा आक्षेप मला मान्य आहे. सासरे, दीर समोर बसलेले असताना तोंड उघडणं सोपं नाही. म्हणून आधी बायकांची वेगळी सभा घ्या. गप्प बसल्या म्हणजे कबूल, असं धरू नका.

आणि राज्य पुनर्रचनेत आपला भाग महाराष्ट्राबाहेर राहिला, तेव्हापासून, म्हणजे १९५६ पासून, आपण मराठी माणसं काय म्हणतोय? आम्हाला न विचारता आमचं ठरवलं, हेच ना? मग घरातल्या विधवेचं तिला न विचारता ठरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना आणि सदस्यांना विनंती आहे, पुढच्या ग्रामसभेत हा ठराव कन्नड आणि मराठी दोन्हीत वाचून दाखवा. आमच्या गल्लीत कन्नड बोलणाऱ्या विधवाही आहेत. हात वर करायला सांगण्याआधी या सगळ्या बायकांना बोलू द्या.