ठरवायचे काय त्यात?

पत्त्यांतल्या ब्रिजच्या टेबलावर नव्या भिडूबरोबर बसण्यापूर्वी काही उत्साही मंडळी अर्धा तास आधी येतात, कागद-पेन्सिल काढतात आणि ‘डबलचा अर्थ कुठल्या पातळीपर्यंत काय’ असल्या रूक्ष विषयावर कुजबुजत बसतात. आपण तसे मुळीच करू नये. आपण स्पर्धा सुरू व्हायला दोन मिनिटे उरली असताना यावे, चहा मागवावा आणि भिडूने “काय खेळायचं?” असे विचारलेच तर प्रसन्नपणे म्हणावे, “नेहमीचंच. ठरवायचं काय त्यात?” या एका वाक्याने पुढच्या तीन तासांची पायाभरणी होते. आपल्या डोक्यातले ‘नेहमीचे’ आणि भिडूच्या डोक्यातले ‘नेहमीचे’ ही दोन वेगवेगळी गावे आहेत, हे कळण्याचा क्षण फार मोलाचा असतो. तो चहाच्या कपाबरोबर आधीच उरकून टाकणे बरे नव्हे.

डावाआधी बोली होते: कोणता रंग हुकूम धरून सहाच्या वर किती हात, म्हणजे चार पत्त्यांच्या फेऱ्या, जिंकू ते सांगायचे. प्रतिपक्ष गप्प बसतो तेव्हा कोणाचीही बोली बऱ्यापैकी होते. भिडू ओपनिंग करतो, म्हणजे पहिली बोली लावतो, आपण उत्तर देतो, आणि मोठ्या पत्त्यांच्या चाळीसपैकी आपल्या दोघांकडे मिळून किती पॉइंट आहेत याची बेरीज जमली की करार, म्हणजे शेवटची बोली, ठरतो. आपल्या कर्तृत्वाला वाव मिळतो तो चौघेही बोलू लागल्यावर. तेव्हा जागा कमी असते, वेळ कमी असतो, आणि प्रत्येक पासलाही काहीतरी अर्थ असतो. अशा वेळी भिडूला अर्थ आधीपासून माहीत असेल, तर आपल्या प्रतिभेला काय उरले?

कन्व्हेन्शन कार्ड (जोडीच्या ठरलेल्या बोली-पद्धतींचा तक्ता) मात्र भरावे लागते, म्हणून ते भरावे, आणि घसघशीत भरावे. स्टेमन, जॅकोबी, मायकल्स, लँडी, लेबेनसोल अशी पद्धतींची नावे लग्नातल्या आहेराच्या यादीसारखी एकाखाली एक लिहावीत. नाव लिहिले की पद्धत आली, असे मानायला हरकत नाही. लेबेनसोल ही पद्धत ज्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते, त्याने ती आपली नव्हेच असे सांगितले होते आणि त्याच्या आडनावाचे स्पेलिंगही त्या नावात चुकलेले आहे. जिचा जनकच हात झटकतो, ती पद्धत आपण समजून घेतलीच पाहिजे असा आग्रह कोण धरील? प्रतिपक्षाने आपल्या एक नो-ट्रम्पवर (म्हणजे हुकमाशिवायच्या बोलीवर) दोन बदाम म्हटल्यावर भिडूचा दोन नो-ट्रम्प ही तीन किल्वर म्हणण्याची आज्ञा आहे की खरोखरच नो-ट्रम्प खेळण्याची इच्छा आहे, हे त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे.

आता डबलकडे, म्हणजे प्रतिपक्षाची बोली दुप्पट गुणांवर नेणाऱ्या घोषणेकडे, वळू, कारण भिडूशी असलेले नाते बिघडवण्याचे इतके स्वस्त आणि खात्रीचे साधन सबंध खेळात दुसरे नाही. भिडूने एक चौकट म्हटले, मधल्याने उडी मारून दोन इस्पिक म्हटले, आणि आपण डबल दिला. जुन्या काळी याचा अर्थ सरळ होता: इस्पिक माझ्याकडे आहेत, यांना इथेच धरू. पुढे अमेरिकेत अल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन यांनी हाच डबल उलटा फिरवला. इस्पिक नाहीत, बदाम आहेत, थोडे पॉइंट आहेत, तू काहीतरी बोल, असा त्याचा अर्थ केला. ते वर्ष 1957 होते आणि आकाशात रशियाचा उपग्रह फिरत होता, म्हणून या डबलला स्पुटनिक हे नाव पडले. आज त्याला निगेटिव्ह डबल म्हणतात आणि जवळजवळ सगळे जग तोच खेळते. जवळजवळ. आपला भिडू त्या जगात आहे की 1957 च्या आधीच्या जगात, हे विचारण्याचा मोह आवरावा. तो जुन्या वळणाचा निघाला तर हातातली इस्पिकची दुर्री-तिर्री कुरवाळत समाधानाने पास करील, प्रतिपक्ष व्हल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेला) असताना आठ हात करील, आणि एरवी 110 गुणांना सुटला असता तो डाव 670 गुणांना जाईल. त्यानंतर आपण फक्त एवढेच म्हणायचे, “आजकाल सगळे निगेटिव्हच खेळतात.” वाक्य खरे आहे, सौम्य आहे आणि त्याला उत्तर नाही.

याच डबलचा पुढचा धडा असा, की तो कोणत्या पातळीपर्यंत निगेटिव्ह हे कधीही ठरवू नये. दोन इस्पिकपर्यंत, तीन इस्पिकपर्यंत, चार बदामपर्यंत, असे वेगवेगळे संकेत लोक ठरवतात. कुठलाही एक ठरवला तर तो लक्षात ठेवावा लागतो. एकही न ठरवल्यास प्रत्येक डबलचा अर्थ डाव संपल्यावर, निकाल पाहून, निवांतपणे ठरवता येतो.

ओव्हरकॉलबद्दल, म्हणजे प्रतिपक्षाच्या बोलीवर आपली बोली चढवण्याबद्दल, फार लिहीत नाही. गुलामापासून खाली पाच पत्ते असले की एक इस्पिक म्हणावे. भिडू बिचारा आपल्यावर विश्वास ठेवून इस्पिकचा राजा उतरेल, तो समोरच्याच्या एक्का-राणीच्या तोंडी जाईल आणि न होणारा करार होईल. ओव्हरकॉल हा भिडूला उतारी सांगण्यासाठीही असतो, ही गोष्ट ज्याला आठवते त्याला खेळाचा आनंद घेता येत नाही.

त्यापेक्षा ज्यात खरे शौर्य आहे तो प्रसंग पाहू. आपल्याकडे सात इस्पिक आणि बाकी शुकशुकाट आहे. आपण तीन इस्पिकने ओपनिंग केले. प्रतिपक्षाने चार बदाम म्हटले, भिडू पास झाला, पुढचाही पास झाला, आणि बोली पुन्हा आपल्याकडे आली. भित्रा खेळाडू इथे असा विचार करतो, की मी माझा सगळा हात एका बोलीत सांगून टाकला आहे, भिडूला माझे पत्ते जवळजवळ दिसत आहेत आणि मला त्याचे एकही दिसत नाही; तेव्हा निर्णय त्याचा, आणि त्याने तो पास करून दिलेला आहे. आपण भित्रे नाही. आपल्याकडे अजूनही तेच सात इस्पिक आहेत आणि ते एकदाच सांगून समाधान झालेले नाही. चार इस्पिक! भिडूकडे बदामचे चार भक्कम पत्ते होते, तो त्यांना डबल न देता शांतपणे खड्ड्यात घालणार होता, हे नंतर कळते. त्यावर “मग डबल का नाही दिलास?” असे विचारता येते, आणि तो “दिला असता तर ते पळाले असते” असे म्हणाला, तर त्याला आत्मविश्वास कमी आहे असे समजावे.

अशा बोलींना शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही उपलब्ध आहे. झाँ-रेने व्हेर्न या फ्रेंच गृहस्थाने एक नियम मांडला: दोन्ही बाजूंकडे आपापल्या सर्वांत लांब रंगाचे मिळून जितके हुकूम, साधारण तितकेच दोन्ही बाजूंचे मिळून हात होतात. आमच्याकडे नऊ इस्पिक आणि त्यांच्याकडे नऊ बदाम असतील, तर अठरा हात वाटून घ्यायचे आहेत. त्यावरून चढाओढीत वापरायचा सोपा आडाखा निघाला, की आठ हुकूम असतील तर दुसऱ्या पातळीपर्यंत जावे, नऊ असतील तर तिसऱ्या, दहा असतील तर चौथ्या. या नियमात एकच अडचण आहे. भिडूचे हुकूम मोजण्यासाठी त्याने तीन पत्त्यांवर काय म्हणायचे आणि चार पत्त्यांवर काय, हे आधी ठरलेले असावे लागते. ठरलेले नसल्यास भिडूकडे चार आहेत असे मनात धरावे. नियम फ्रेंच आहे, चूक झाल्यास त्याच्यावर ढकलता येते.

बळी देण्याच्या बोलीतही, म्हणजे त्यांचा करार होऊ देण्यापेक्षा आपण मुद्दाम पडण्यात, गणिताचा अडथळा येऊ देऊ नये. ते व्हल्नरेबल आहेत, आपण नाही. त्यांच्या चार बदामला 620 मिळणार, आणि आपण चार इस्पिक डबल होऊन तीन हातांनी पडलो तर 500 जाणार. हा सौदा चांगला. चौथा हात पडला की 800, आणि सौदा वाईट. 1987 पूर्वी तो चौथा हात 700 मध्ये भागत असे. ती सवलतही आता राहिलेली नाही. उलट आपण व्हल्नरेबल आणि ते नसताना दोन हात पडले तरी 500 जातात आणि त्यांना एरवी 420 च मिळणार होते. ही आकडेमोड टेबलाच्या कडेला रंगवलेली नसते, पण बोर्डावर (डावाचे पत्ते ठेवायच्या ट्रेवर) कोण व्हल्नरेबल आहे ते लाल रंगात दाखवलेले असते, आणि तिकडे न पाहण्याची सवय प्रयत्नाने लावता येते. बदामचा करार मुळात होणारच नव्हता हे डावानंतर उघडकीस आले, तर आपला त्याग अधिकच निःस्वार्थ ठरतो.

विचार करण्याची कला स्वतंत्रपणे शिकावी. बोलीतला आवाजाचा चढउतार भिडूला काही सांगू नये म्हणून बिडिंग बॉक्स (बोलीच्या कार्डांचे डबे) आले: हिरवा पास, लाल डबल, सगळे मुके. आपण त्यांना बोलते करू शकतो. प्रतिपक्षाने तीन बदाम म्हटल्यावर अर्धा मिनिट छताकडे पाहावे, कार्डांशी चाळा करावा, सुस्कारा सोडावा आणि मग हिरवे कार्ड अलगद ठेवावे. आता भिडू कात्रीत सापडला. कायद्याचे सोळावे कलम सांगते, की भिडूच्या उशिरातून किंवा लकबीतून मिळालेली माहिती वापरता येत नाही. दुसरा समंजस पर्याय असताना त्या उशिराने सुचवलेला पर्याय निवडला, तर डायरेक्टर (स्पर्धेचा पंच) येऊन निकाल बदलू शकतो. म्हणजे भिडू प्रामाणिक असेल तर, ज्या हातावर तो एरवी तीन इस्पिक म्हणाला असता, त्याच हातावर केवळ आपण सुस्कारा सोडला म्हणून त्याला पास करावा लागेल. स्वतः गप्प राहून भिडूचेही तोंड बंद करण्याची ही किमया फार थोड्यांना साधते. (तो प्रामाणिक नसेल तर आपली जोडी क्लबात लवकर प्रसिद्ध होते, आणि त्यालाही एक मान असतो.)

प्रतिपक्षाने भिडूच्या बोलीचा अर्थ विचारल्यास “नॅचरल”, म्हणजे बोलला तोच सरळ अर्थ, असे म्हणावे.

न्याय म्हणून दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दलही सांगितले पाहिजे. काही जोड्यांकडे साठ पानांची टिपणे असतात, त्यांत रिडबलनंतरच्या (डबललाही डबल दिल्यानंतरच्या) पासचेही चार प्रकार असतात, आणि हे सगळे पाठ असूनही हातात चार-तीन-तीन-तीन अशी निर्जीव वाटणी आणि तीन सुट्या राण्या घेऊन ते पाचव्या पातळीवर जातात. आधी ठरवलेला संकेत विचाराऐवजी वापरता येतो हे त्यांनी सिद्ध केले आहे. तरी ते आपल्यापेक्षा कमी भांडतात, हा त्यांचा दोष मला कधीच माफ करता आलेला नाही.

भांडणाची परंपरा जुनी आणि कुलीन आहे. 1931 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एली कल्बर्टसन आणि सिडनी लेंझ या ब्रिजपटूंमध्ये दीडशे रबरांचा (रबर म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकायची फेरी) सामना सुरू झाला, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गाजला. लेंझचा भिडू ऑस्वल्ड जॅकोबी हा तरुण, त्या काळातल्या तल्लख खेळाडूंपैकी एक. पण त्याच्या धाडसी बोली लेंझना रुचत नव्हत्या आणि ते त्यांनी चारचौघांत ऐकवले. 103 रबरांनंतर जॅकोबी उठून गेला. समोर कल्बर्टसन बहुतेक वेळ आपल्या पत्नीबरोबर, जोसेफिनबरोबर, खेळत होते, आणि सामना त्यांनी 8,980 गुणांनी जिंकला. नवरा-बायकोने एका टेबलावर खेळून जिंकावे आणि दोन निष्णात पुरुषांनी एकमेकांना सुधारता सुधारता हरावे, यातून आपण काय घ्यायचे ते उघड आहे: भिडूला सर्वांदेखत सुधारावे. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले तेव्हा ते अनुक्रमे साठ आणि छप्पन वर्षांचे होते. वर्षानुवर्षे एकाच भिडूबरोबर बसल्याने माणूस किती कंटाळवाणा होतो याचे हे उदाहरण म्हणून सांगता येईल.

आमच्या क्लबात मी गेल्या काही वर्षांत सात भिडू बदलले. आठवा परवा मिळाला, निवृत्त माणूस, स्वभावाने गरीब, अर्धा तास आधी कागद-पेन्सिल घेऊन आला होता. मी दोन मिनिटे आधी पोहोचलो आणि चहा मागवला. तिसऱ्याच बोर्डावर तो एक चौकट म्हणाला, मधल्याने दोन इस्पिक म्हटले, मी लाल कार्ड टेबलावर ठेवले, आणि त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिले.