पाऊस कमी म्हणजे पाणी नव्हतंच?

‘पाच इंच पावसाच्या वाळवंटात पाणी होतंच कुठे, की लॉस एंजेलिसनं पळवलं म्हणून गळा काढावा? आधी शाळेचा भूगोल उघडा.’ कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही हे लिहिलंत. फोटोंखाली ठिकाणांची नावं हवीत ही सूचना रास्त आहे, आजच घातली. पण शाळा काढायचं काही कारण नव्हतं. पटलं नाही एवढं साध्या शब्दांत सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं.

मी माणदेशातला. सह्याद्रीपलीकडे ढग कसे रिकामे होऊन येतात हे मला टँकरच्या रांगेत कळलं. म्हणून तर या खोऱ्यातल्या बिशप गावात राहायला आलो तेव्हा चक्रावलो. पाऊस आमच्याहून कितीतरी कमी, आणि गाई गुडघाभर गवतात चरताहेत! याचं कारण पश्चिमेला उभं आहे. सिएरा नेवाडा बाष्प अडवते खरी, पण बर्फ करून साठवून ठेवते. तो वितळला की ओढे खाली धावतात, पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरतात आणि खोऱ्यात झरे होऊन वर येतात. इथल्या पाण्याचा हिशेब डोंगरावरच्या बर्फावरून मांडायचा असतो. गोरे पशुपालक यायच्या आधीपासून इथले मूळ रहिवासी पायूट लोक याच ओढ्यांना पाट काढून रानकंदांची कुरणं भिजवत होते.

आणि ‘होतंच कुठे’ म्हणता? 1872 मध्ये ओवेन्स लेकवर आगबोट सुरू झाली. सेरो गोर्डोच्या खाणींतल्या चांदी-शिशाच्या लगडी ती पलीकडे न्यायची. 1913 साली ओवेन्स नदीचं पाणी नेणारा लॉस एंजेलिसचा कालवा सुरू झाला आणि पुढच्या दीड दशकात त्या तलावाचा तळ उघडा पडला. 1970 मध्ये दुसरा कालवा आला, त्याच्यासाठी भूजल उपसलं आणि फिश स्प्रिंग्जचे झरे आटले. तिथलं मत्स्यबीज केंद्र आजही आहे. मी ते पाहिलंय, हौदांत पाणी पडतं ते विहिरींतून पंपानं उचललेलं.

जमिनी लोकांनी राजीखुशीनं विकल्या, शहरालाही तहान असते, वगैरे तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. ते सगळेच ऐकवतात.

2006 च्या डिसेंबरात, कोर्टकज्जे झाल्यावर, नदीच्या सुमारे शंभर किलोमीटर सुकलेल्या पात्रात पुन्हा पाणी सोडलं. आता तिथे पाणकणीस इतकं माजलंय की काही ठिकाणी प्रवाहच दिसत नाही. वाळवंटाला पाणी ठाऊकच नव्हतं, असं अजूनही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. मात्र पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं लिहा. मी माझ्या नावानं लिहितो.