दफनाचा खर्च आणि सुट्टीची मागणी

मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये दरवर्षी १९ नोव्हेंबरच्या सकाळी गारिफुना, म्हणजे आफ्रिकी आणि कॅरिबियन मूळनिवासी अशा मिश्र वंशाचे लोक, होड्यांतून किनाऱ्याला लागतात. होड्यांत कसावा, केळीची पाने आणि ढोल असतात, आणि १८३२ साली आपले पूर्वज होंडुरासहून येऊन इथे कसे उतरले, याचा देखावा सारे गाव पाहते. या दिवसाला सरकारी मान्यता मिळवून देणारे शिक्षक थॉमस व्हिन्सेंट रामोस यांच्याविषयी मला आज थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांची ओळख या एका सुट्टीपुरती उरावी हे मला मनापासून खटकते.

रामोस यांचा जन्म १८८७ सालचा, होंडुरासमधल्या पुएर्तो कोर्तेसचा. पुढे ते ब्रिटिश होंडुरासमध्ये, म्हणजे आजच्या बेलीझमध्ये, स्टॅन क्रीक गावी स्थायिक झाले. त्याच गावाला आज डांग्रिगा म्हणतात. तिथे त्यांनी 'कॅरिब डेव्हलपमेंट सोसायटी' उभी केली. आजारी माणसाला मदत करणे आणि मृताच्या दफनाचा खर्च भागवणे, हे तिचे काम होते. (नावातला 'कॅरिब' हा शब्द वसाहतकारांचा, हे लोक स्वतःला गारिफुना म्हणवतात.) गावातल्या दवाखान्याची हेळसांड आणि आपल्या लोकांना मिळणारी दुजाभावाची वागणूक यांविरुद्धही ते बोलत राहिले.

दफनाच्या खर्चाची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ब्रिटिशांनी या लोकांना कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून हुसकावले, तेव्हा आधी बालिसो या ओसाड बेटावर डांबले. तिथे त्यांतले जवळजवळ निम्मे लोक दगावले आणि उरलेल्यांना १७९७ मध्ये होंडुरासच्या किनाऱ्याजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडले. ज्या समाजाच्या वाट्याला असे मरण आले, त्याच्यासाठी काम करणाऱ्या माणसाने आजारी आणि मृत यांची जबाबदारी संघटनेवर घ्यावी, यात मला त्याची खरी समज दिसते.

सुट्टीची मागणी रामोस यांनी १९४१ मध्ये सी. एस. बेंगुचे आणि डोमिंगो व्हेंतुरा यांच्यासह गव्हर्नरपुढे मांडली. दोन वर्षांनी दक्षिणेत ती मान्य झाली, मात्र देशभर लागू व्हायला १९७७ उजाडले. रामोस १३ नोव्हेंबर १९५५ रोजीच गेले होते.