‘पाणी उपसणाऱ्यांचे निसर्गप्रेम’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची राजधानी असलेल्या किटो शहराच्या जलनिधीवरील, म्हणजे पाण्याचे उगम राखण्यासाठी उभारलेल्या निधीवरील, माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला आक्षेप असा : इक्वेडोरमधल्या एका बिअर कंपनीने डोंगरावरचे गवत राखायला चार पैसे दिले म्हणून तिचे कौतुक करणाऱ्या लेखकाने, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत असताना तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मद्य कारखान्यांचे नळ चालू होते, हे विसरू नये आणि पाण्यावर काम करणाऱ्या संस्थांनी उद्योगांचा पैसा घेऊच नये. उद्योगांना निसर्ग नको, पाणी हवे असते आणि संस्थांना पाणी नको, निधी हवा असतो. शेवटचे वाक्य झोंबणारे आहे आणि अर्ध्याहून अधिक खरे आहे, म्हणून हे लांबलेले उत्तर.

आधी लातूर. मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरात पोहोचली तेव्हा तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य उद्योगाचे पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांनी आणि इतर उद्योगांचे २५ टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. ही कपात न्यायालयाला करावी लागली, यातच आपला मुद्दा सिद्ध होतो. मात्र एक गोष्ट नजरेआड होऊ नये. औरंगाबादच्या कारखान्यांचे पाणी जायकवाडीचे आणि लातूरचे मांजरेचे. एकाचा नळ बंद केल्याने दुसऱ्याची घागर भरली नसती. हे मी कारखान्यांच्या बचावासाठी सांगत नाही. पाण्याचा हिशेब राज्याचा किंवा विभागाचा मांडून भागत नाही, तो त्या त्या उगमाचा मांडावा लागतो, आणि किटोचे उदाहरण मी घेतले ते याच कारणासाठी.

किटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे आणि त्याचे बरेचसे पाणी त्याहूनही वरच्या ‘पारामो’ या गवताळ प्रदेशातून येते. तिथली ज्वालामुखीची काळी माती पाऊस आणि धुके धरून ठेवते आणि कोरड्या महिन्यांत ते पाणी हळूहळू सोडते. चराईसाठी गवत जाळले, मेंढ्या आणि गुरांच्या खुरांनी माती दबली, की ही धारणशक्ती घटते. वरच्या कुरणात काय घडले ते खालच्या शहराला उन्हाळ्यात कळते. शहराचा पाणीपुरवठा उपक्रम, वीज कंपनी, बिअरचा कारखाना आणि घराघरांतले नळ या सगळ्यांची भिस्त या एकाच डोंगराळ भागावर आहे. तेव्हा बिअर कंपनी निसर्गप्रेमी आहे की नाही, हा प्रश्नच तिथे गौण ठरतो. तिला पाणी हवे आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. ती पैसे देते ते त्यासाठीच.

मात्र माझ्या लेखातले ‘उद्योगांनी पुढाकार घेऊन उभारलेला निधी’ हे शब्द चुकीचे होते. २००० साली हा निधी सुरू झाला तो अवघ्या २१,००० डॉलरवर, त्यांतले २०,००० पाणीपुरवठा उपक्रमाचे आणि १,००० ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेचे. बिअर कंपनी २००३ मध्ये आली आणि बाटलीबंद पाण्याची कंपनी २००७ मध्ये. पुढे महानगरपालिकेच्या अध्यादेशाने पाणीविक्रीच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग, वाढत वाढत २ टक्क्यांपर्यंत, या निधीला बांधून दिला गेला. म्हणजे मोठा वाटा पाणीपट्टी भरणाऱ्या सामान्य माणसाचा आणि उद्योगांचा वाटा तुलनेने लहान. लेखातले ते वाक्य मी दुरुस्त केले आहे.

तरीही कंपन्यांचा तो लहान वाटा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो ८० वर्षांच्या मुदतीच्या विश्वस्त निधीत जातो. गंगाजळी गुंतवायची आणि तिच्या उत्पन्नातून वनरक्षकांचे पगार, कुंपणे, झाडोरा, जलमापन असा नीरस खर्च वर्षानुवर्षे चालवायचा, अशी मूळ योजना होती. एकदा त्यात पडलेला पैसा कंपनीच्या प्रसिद्धी विभागाच्या हाती उरत नाही.

आपल्याकडे नेमकी इथेच गाडी अडते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. परंतु २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या गंगाजळीत दिलेली देणगी त्या खर्चात धरली जात नाही, आणि दीर्घ म्हणवणारा प्रकल्पही सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांत आटोपावा लागतो. पैसे दडवून ठेवण्याला आळा बसावा, हा नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा, की किटोसारखा निधी या पैशातून उभाच राहू शकत नाही आणि मार्चअखेर संपवता येईल असे काम शोधले जाते. नाला खोल करणे हे तसे काम आहे.

अशाच एका कार्यक्रमाला मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. नवा कोरा फलक, त्यावर कंपनीचे बोधचिन्ह आणि ‘इतके कोटी लिटर पाणी साठवले’ असा आकडा. चौकशी केल्यावर कळले, की तो आकडा म्हणजे खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार आणि त्याला तो पावसाळ्यात किती वेळा भरेल या अंदाजाने पुन्हा गुणलेले. गावातल्या एकाही विहिरीची पातळी आधी किंवा नंतर मोजलेली नव्हती. आपल्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, प्रदेशात पाणी मुख्यतः मुरूम आणि भेगांत साठते. ती जागा भरली, की खड्डा कितीही मोठा केला तरी जमिनीखाली अधिक काही मावत नाही. हिवरे बाजारने ताली-बंधाऱ्यांइतकेच महत्त्व पावसाच्या हिशेबाने पिके ठरवण्याला दिले आणि सिंचनासाठी कूपनलिका नाकारल्या. त्या निम्म्या कामाचा फोटो निघत नाही.

आपल्या आक्षेपाला बळ देणारे आणखी एक उदाहरण मीच देतो. फ्रान्समधल्या व्हितेल गावी नेस्लेच्या बाटलीबंद पाण्याच्या उद्योगाने नव्वदच्या दशकात झऱ्याच्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले, मका आणि रसायने सोडण्याचा मोबदला दिला आणि खतांतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचा प्रश्न आटोक्यात ठेवला. ते काम उत्तम होते. त्याच गावाच्या खालच्या, दुसऱ्या व अधिक खोल थरातले पाणी मात्र उपशामुळे घटत गेले आणि रहिवाशांसाठी शेजारच्या भागातून नळ आणण्याची योजना पुढे आली. विरोधामुळे ती २०१९ मध्ये मागे पडली. झरा शुद्ध ठेवणारा आणि खोल थरातून उपसणारा एकच. करारात पाण्याच्या शुद्धतेचा विचार होता, उपशाचा नव्हता.

म्हणून ‘संस्थांनी उद्योगांचा पैसा घेऊच नये’ हा आपला निष्कर्ष मला पटत नाही; पण कोणत्या अटीवर घ्यावा, हे मी लेखात लिहायला हवे होते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानुसार सर्वांत मोठ्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून आपला एकूण पाणीउपसा वार्षिक अहवालात स्रोतनिहाय जाहीर करावा लागतो. पाणीटंचाईच्या भागातल्या प्रत्येक कारखान्याचा उपसा सांगणारा तक्ता मात्र त्याच अहवालाच्या ऐच्छिक भागात आहे. संस्थेने कंपनीकडून पहिला हप्ता घेण्यापूर्वी तो तक्ता भरून मागावा, गावाच्या विहिरींच्या नोंदींशेजारी तो ग्रामसभेत लावावा, आणि जी कंपनी याला तयार नसेल तिच्या फलकासाठी आपल्या शिवारात खड्डा खणू नये. ही अट मी मूळ लेखाच्या शेवटी, आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून, जोडली आहे.