सॅटेलाईट इंटरनेटचं बुकिंग आम्ही का घेतलं नाही: दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात. स्टारलिंक, म्हणजे स्पेसएक्स कंपनीचं सॅटेलाईट इंटरनेट, त्यासाठी पैसे घेऊन आलात तरी आम्ही बुकिंग घेतलं नाही. आमची फायबर लाईन चालावी म्हणून आम्हीच सॅटेलाईट इंटरनेट अडवतोय. आणि महाराष्ट्रात, अगदी शेजारच्या चंदगडपर्यंत ते आलंय, फक्त सीमाभागाला मिळत नाही. कर्नाटकातल्या आपल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यातले बरेच जण हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुकिंग घेतलं नाही हे खरं आहे. तुम्ही २०२५ च्या दिवाळीत आलात, तेव्हा सॅटेलाईट इंटरनेटच्या नव्या कंपन्यांपैकी एकीचंही घरगुती कनेक्शन भारतात विक्रीला नव्हतं. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, अंतराळ क्षेत्रात खासगी कंपन्यांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची मंजुरी जुलैत. पण स्पेक्ट्रम (सिग्नलसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरी), त्याचा दर, सुरक्षा चाचण्या हे सगळं बाकी होतं. वनवेब आणि जिओ-एसईएस या दुसऱ्या दोन कंपन्यांकडे तर परवाने त्याआधीपासून होते, तरी त्यांचीही घरगुती सेवा सुरू नव्हती. मग मी पावती कशाची फाडायची? २०२१ मध्ये स्टारलिंकनेच इथे ९९ डॉलर आगाऊ घेऊन नोंदणी केली होती. परवाना नव्हता, म्हणून सरकारने ती थांबवली आणि पैसे परत करायला लावले. बेळगावात दुसऱ्या कुणी तुमच्याकडून रक्कम घेतली असेल, तर पावतीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते आधी बघा.

महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर, म्हणजे एकत्र काम करायचा विचार नोंदवणाऱ्या कागदावर, सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था आणि दुर्गम वस्त्यांचा विचार आहे. चंदगडच्या घराघरांत कनेक्शन आलं असा त्याचा अर्थ होत नाही. परवाना केंद्राचा असतो, तो कर्नाटकाला वेगळा आणि महाराष्ट्राला वेगळा नसतो. सीमाभागाच्या वाट्याला काय काय येतं ते मीही इथलाच असल्यामुळे जाणतो. पण ही गोष्ट त्यातली नाही.

आम्ही अडवतोय, याचं मात्र वाईट वाटलं. तुमच्या वाडीच्या अलीकडे आमचा शेवटचा खांब आहे, पुढे जंगलहद्द. तिथून केबल न्यायला परवानगी लागते आणि ती मिळाली तरी पावसाळ्यात फांदी पडली की लाईन तुटते. कणकुंबी, आमगावचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार! अशा घरांना आकाशातूनच इंटरनेट मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. उद्या विक्री सुरू झाली तर ती डिश दुकानात ठेवायला मी तयार आहे.

आणि एकच कंपनी नको, तीन-चार हव्यात. स्पेक्ट्रमचा लिलाव करा म्हणून जिओने जोर लावला होता. सरकारने २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे लिलावाशिवाय वाटपाचा मार्ग धरला. मग मार्च २०२५ मध्ये आधी एअरटेलने आणि दुसऱ्याच दिवशी जिओने स्पेसएक्सशी करार जाहीर केला. म्हणजे उपग्रह एकाचे आणि विक्री त्याच्याच स्पर्धकांच्या दुकानांतून. अशात वनवेब, ॲमेझॉन, जिओ-एसईएस हे खरोखर मैदानात उतरले तरच दर आपल्या आवाक्यात येतील. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने मे २०२५ मध्ये कंपन्यांना शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकार सुचवला, ग्रामीण ग्राहकामागे नाही. ही शिफारस मला योग्य वाटते.

जुन्या पद्धतीचं सॅटेलाईट कनेक्शन मी तुम्हाला सुचवलं नाही, तेही मुद्दाम. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. सिग्नल जाऊन परत येईतो अर्धा सेकंद जातो. तुमचा मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, व्हिडिओ मीटिंगमध्ये त्याचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यावर पडत राहिलं असतं. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, तिथे हा त्रास नाही.

पण ते सतत सरकत असतात. तुमच्या टीव्हीची छत्री एकाच जागी रोखलेली आहे, फणस आणि आंब्याच्या मधल्या फटीतून तिला सिग्नल मिळतो. नव्या डिशला डोक्यावरचं मोठं आकाश मोकळं लागतं. मी तुमच्या कौलांवर चढून पाहिलं, तेव्हा फणसाने पश्चिमेची पूर्ण बाजू झाकली होती आणि मागच्या पोफळी कौलांच्या वर गेल्या होत्या. तिथे डिश बसवली असती तर दर थोड्या वेळाने लाईन गेली असती. शिवाय ती डिश ७५ ते १०० वॅट वीज खाते. पावसात तुमच्याकडे लाईट किती टिकते हे बघता इन्व्हर्टरची बॅटरी आधी बदलावी लागेल.

गोठ्याच्या पुढच्या खळ्यात मात्र आकाश मोकळं आहे. तिथे लोखंडी खांब उभारून घरापर्यंत वायर आणता येईल. त्याचं माप मी घेऊन ठेवलंय. सेवा अधिकृतपणे सुरू झाली, कंपनीचा दर जाहीर झाला आणि आपल्या पिनकोडवर ती उपलब्ध दिसली की मीच तुम्हाला फोन करेन. तोवर कुणालाही एक रुपया देऊ नका.